घरातलं विद्युतचुंबकीय क्षेत्र: मोजायचं कसं आणि आकडा वाचायचा कसा

गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) घेऊन घरभर फिरलं की आकडा पावलागणिक बदलतो. केस वाळवायच्या ड्रायरला टेकवला की शेकड्यांत जातो, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्यावर येतो. पहिल्यांदा मोजणारे बहुतेक जण सर्वांत मोठ्या आकड्यालाच घाबरतात आणि ड्रायर कपाटात टाकतात. खरं तर पाच मिनिटं चालणाऱ्या ड्रायरपेक्षा उशीशी रात्रभर टिकणारा अर्धा मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) जास्त लक्ष देण्याजोगा असतो. म्हणून प्रत्येक नोंदीत आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहायच्याच: किती अंतरावर आणि किती वेळ.

आधी हे वेगळं करा

घरात दोन अगदी वेगळ्या प्रकारची क्षेत्रं असतात. ती एकाच मीटरने मोजली जात नाहीत आणि शरीरावर त्यांचा परिणामही एकसारखा होत नाही.

पहिलं विजेच्या पुरवठ्याचं, ५० किंवा ६० हर्ट्झचं. ते शरीरात अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण करतं. क्षेत्र खूपच तीव्र असेल तर नसा आणि स्नायू उत्तेजित होतात. डोक्याभोवती २० हर्ट्झच्या आसपासचं, काही मिलिटेस्लांचं (१ मिलिटेस्ला म्हणजे १००० मायक्रोटेस्ला) क्षेत्र असेल तर दृष्टीच्या कडेला चमक दिसते, कारण डोळ्याचा पडदा या प्रवाहांना सर्वांत आधी प्रतिसाद देतो. अनायनकारी (अणूतून इलेक्ट्रॉन न उखडणाऱ्या) प्रारणाच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सर्वसामान्य लोकांसाठी दिलेली २०० मायक्रोटेस्लांची पातळी याच परिणामांपासून बरंच अंतर राखून ठरवलेली आहे.

दुसरं रेडिओलहरींचं: मोबाइल, राउटर, मनोरे, मायक्रोवेव्ह. इथे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. संपूर्ण शरीराने दर किलोला सुमारे ४ वॅट शोषले तर शरीराचं तापमान साधारण १ अंशाने वाढतं. लोकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ०.०८ वॅट प्रति किलोवर आहे. क्ष-किरणांसारखे रेणूंचे बंध या लहरी तोडू शकत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखाव्या भागाइतकी असते, आणि अणूतून इलेक्ट्रॉन उखडायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात.

मग ०.४ मायक्रोटेस्ला हा आकडा इतक्या वेळा का ऐकू येतो? २००० साली अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्या घरांत विजेच्या पुरवठ्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिवसभराची सरासरी ०.४ च्या वर होती, तिथल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. अशी घरं फार थोडी होती, आणि प्रयोगशाळेत कारण सापडलेलं नाही. या आधारावर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला ‘कदाचित कर्ककारक’ अशा २बी गटात ठेवलं. म्हणून ०.४ ओलांडलं की आजार होतो असं नाही. पण झोपण्याच्या जागी सरासरी तिथे पोचत असेल आणि पलंग सरकवून भागत असेल, तर सरकवावा.

मीटर कोणता घ्यावा

कमी वारंवारितेसाठी, म्हणजे पुरवठ्याच्या क्षेत्रासाठी, त्रिअक्षी (तिन्ही दिशांना एकदम मोजणारा) गॉसमीटर घ्या. तो ०.०१ मायक्रोटेस्लापर्यंत दाखवणारा हवा आणि ४० हर्ट्झपासून पुढे मोजणारा हवा. काही मीटर मिलिगॉसमध्ये दाखवतात: १ मिलिगॉस म्हणजे ०.१ मायक्रोटेस्ला. इथे दहापटीची चूक फार सहज होते, त्यामुळे वहीत एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

एकअक्षी मीटर असेल तर एकाच जागी तो तीन परस्परलंब दिशांना धरून तीन नोंदी घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. ०.१२, ०.०९ आणि ०.२० आले तर उत्तर ०.२५ मायक्रोटेस्ला. नुसती बेरीज केली तर ०.४१ येतं आणि विनाकारण धडकी भरते.

मोबाइलमधलं ‘ईएमएफ मीटर’ अ‍ॅप या कामाचं नाही. फोनमधला चुंबकमापक होकायंत्रासाठी असतो. तो मुख्यतः पृथ्वीचं स्थिर क्षेत्र दाखवतो, आणि तेच २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. शेजारी लोखंडी कपाट असलं तरी आकडा उसळतो. सेकंदाला पन्नास वेळा बदलणारं क्षेत्र तो नीट पकडूच शकत नाही.

मोजणी

संध्याकाळी, घरात आणि आसपास विजेचा वापर जास्त असताना एकदा मोजा आणि रात्री झोपायच्या वेळी पुन्हा मोजा. वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्रही बदलतं, म्हणून दुपारच्या एका आकड्यावरून काही ठरत नाही.

१. प्रत्येक खोलीच्या मधोमध, जमिनीपासून १ मीटर उंचीवर, मीटर स्थिर ठेवून आकडा लिहा. मीटर हलवत वाचू नका. आतली गुंडाळी पृथ्वीच्या क्षेत्रात हलली की खोटे झटके दिसतात.

२. पलंगावर उशी, मध्य आणि पायथा अशा तीन जागी मोजा. बसून काम करायच्या जागीही मोजा.

३. भिंतीजवळ आकडा वाढला तर पलीकडे काय आहे ते पाहा: मीटरचा बोर्ड, फ्रिज, पंप, मुख्य वायर. विटांची भिंत चुंबकीय क्षेत्र अजिबात अडवत नाही.

४. मग मेन स्विच बंद करून त्याच जागी पुन्हा मोजा. घरात ऑक्सिजन देणारं यंत्र किंवा विजेवर चालणारं दुसरं वैद्यकीय उपकरण असेल तर ही पायरी करूच नका. संगणक आधी बंद करा, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा हे विसरू नका.

मेन बंद केल्यावर जे उरतं ते बाहेरचं: रस्त्यावरची लाइन, ट्रान्सफॉर्मर, शेजारचं घर किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपातून परतणारा प्रवाह. जे गेलं ते तुमच्या घरातलं. आता सगळे एमसीबी (बोर्डातले प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) पाडून मेन चालू करा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जा, कोणत्या सर्किटमुळे आकडा चढतो ते कळेल.

बहुतेक घरांत खोलीच्या मध्यावर ०.०१ ते ०.२ च्या दरम्यान आकडा येतो. एवढाच आला तर पुढची शोधाशोध करायची गरज नाही.

आकडा खोलीभर जास्त असेल तर वायरिंग तपासा

उपकरणाचं क्षेत्र दूर गेलं की झपाट्याने घटतं. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरपासून अंतर दुप्पट केलं की ते साधारण आठव्या भागावर येतं. ड्रायर ३ सेंटिमीटरवर २००० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकतो, पण १ मीटरवर ०.०१ ते ०.०३ एवढंच उरतं. त्यामुळे खोलीच्या मध्यावर, सगळ्या उपकरणांपासून लांब, आकडा ०.५ किंवा १ असेल आणि चार पावलं चालूनही फारसा उतरत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी.

फेजमधून (वीज आणणारी वायर) जेवढा प्रवाह जातो तेवढाच तिच्या लगतच्या न्यूट्रलमधून (परतीची वायर) परत येत असेल तर दोघांची क्षेत्रं एकमेकांना पुसतात. ५ अँपिअर प्रवाह आणि दोन वायरींत १ सेंटिमीटर अंतर असेल तर अर्ध्या मीटरवर ०.०४ मायक्रोटेस्ला उरतं. तोच प्रवाह दुसऱ्या वाटेने परतला तर एकट्या वायरचं क्षेत्र त्याच जागी २ मायक्रोटेस्ला होतं, म्हणजे पन्नासपट. एकट्या वायरसाठी हिशोब सोपा आहे: अँपिअरला ०.२ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा.

असं होण्याची नेहमीची कारणं तीन. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकाच जोडपेटीत एकत्र बांधलेले असतात. जिन्यातल्या दोन स्विचच्या दिव्याला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा दिलेला असतो. नाहीतर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेला असतो. वायरमनकडून क्लॅम्प मीटरने (वायरीला बाहेरून पकडून प्रवाह मोजणारा मीटर) एका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडून तपासून घ्या. वाचन शून्य यायला हवं. १ अँपिअर दाखवलं तर तेवढा प्रवाह दुसरीकडून परततो आहे. हे काम स्वतः करू नका, आणि दोष सापडला तर दुरुस्ती पुढे ढकलू नका. इथे क्षेत्रापेक्षा मोठा धोका विजेच्या झटक्याचा आहे: न्यूट्रल एकत्र असतील तर एक एमसीबी पाडूनही ती न्यूट्रल वायर जिवंत राहू शकते. आरोग्याच्या नावाने सुरू केलेल्या मोजणीचा हाच सर्वांत खरा लाभ आहे.

दोष घरातला नसेल तर अंतर वाढवा. पलंग बोर्डाच्या किंवा फ्रिजच्या भिंतीपासून मीटरभर सरकवला तरी बहुधा पुरतं. अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावून उपयोग नाही, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. विद्युत क्षेत्र मात्र भिंती आणि अर्थ केलेला धातू चांगलं अडवतात.

‘अर्थिंगची चादर’ (अंगाखाली घ्यायची, सॉकेटच्या अर्थिंगला जोडलेली चादर) विकताना मल्टिमीटरने शरीरावरचे व्होल्ट दाखवतात. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की शरीर आणि जवळची वायर मिळून एक छोटा कपॅसिटर बनला आहे. त्यातून वाहणारा प्रवाह काही मायक्रोअँपिअरचा असतो. उलट सॉकेटची जोडणी चुकलेली असेल तर ती चादरच जिवंत होऊ शकते. घेऊ नका.

राउटर, मोबाइल, मायक्रोवेव्ह

रेडिओलहरींचं मीटर व्होल्ट प्रति मीटर दाखवत असेल तर त्याचा वर्ग करून ३७७ ने भागा, उत्तर वॅट प्रति चौरस मीटरमध्ये येतं. २ गिगाहर्ट्झच्या वर संपूर्ण शरीरासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर आहे, तीही ३० मिनिटांच्या सरासरीची. स्वस्त मीटर क्षणिक शिखर दाखवतात, त्यामुळे राउटरजवळ ते ओरडू लागतात. १०० मिलिवॅटचा राउटर सतत प्रक्षेपण करतो असं धरलं तरी १ मीटरवर ०.००८ वॅट प्रति चौरस मीटर होतं, म्हणजे मर्यादेच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी सहसा कमी भरतं, कारण मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. समोरच्या, त्याच उंचीवरच्या गच्चीत जास्त येऊ शकतं. मोजायचं तर तिथे मोजा.

शरीराला मिळणाऱ्या रेडिओऊर्जेचा मोठा वाटा मनोऱ्यापेक्षा स्वतःच्या फोनकडून येतो. फोन टेकवून मीटर धरू नका. इतक्या जवळच्या क्षेत्रात ते वाचन निरर्थक असतं, म्हणून फोनची तपासणी प्रयोगशाळेत कृत्रिम डोक्यावर होते. तिथे १० ग्रॅम ऊतींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २ वॅट प्रति किलो आहे. सिग्नल चांगला असेल तर फोन आपली शक्ती हजारपटीहूनही खाली आणतो, लिफ्टमध्ये किंवा तळघरात ती पुन्हा वर नेतो. मोठं बोलणं सिग्नल असलेल्या जागी करा, स्पीकर किंवा वायरचे इअरफोन वापरा. फोनच्या पाठीला लावायचा ‘किरणरोधक’ स्टिकर अँटेना झाकत असेल तर फोन उलट जास्त शक्ती वापरतो, आणि झाकत नसेल तर काहीच करत नाही.

रेडिओलहरीही २०११ पासून २बी गटात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

मायक्रोवेव्हची गळती ५ सेंटिमीटरवर ५० वॅट प्रति चौरस मीटरपर्यंत चालते, आणि अर्ध्या मीटरवर ती साधारण शंभरपट घटते. तपासताना आत पाण्याचा पेला ठेवा, रिकामा चालवला तर मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारा भाग) खराब होतो. दार वाकलेलं, बिजागरी सैल, काठावर जळकट थर किंवा जाळीला भोक असेल तर वापर थांबवा. ‘आत फोन ठेवून वाजतो का पाहा’ ही चाचणी फसवी आहे: फोन अब्जांश वॅटहूनही क्षीण सिग्नल पकडतो, त्यामुळे निर्दोष मायक्रोवेव्हमध्येही तो वाजू शकतो.

झोप उडते, डोकं दुखतं, कारण राउटर वाटतं

त्रास खरा असतो, त्याची टिंगल करू नये. कारण मात्र तपासता येतं. राउटरच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा, सगळे फोन विमान मोडवर ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसाने रोज रात्री नाणं उडवून राउटर चालू किंवा बंद करावा आणि नोंद पाकिटात ठेवावी. त्रास होणाऱ्याने सकाळी त्रासाची तीव्रता आणि ‘चालू होता की बंद’ हा अंदाज लिहावा. २० रात्रींनंतर पाकीट उघडा. निव्वळ नशिबाने १५ किंवा अधिक अंदाज बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. प्रयोगशाळेतल्या अशा चाचण्यांत लोकांना क्षेत्र चालू आहे की बंद हे नशिबापेक्षा जास्त वेळा ओळखता आलेलं नाही. तुमचेही अंदाज दहा-बाराच बरोबर आले तर राउटर सोडून डॉक्टरांकडे जा: रक्तक्षय, थायरॉइड, झोपेत श्वास अडणं. डोकेदुखी फक्त घरात असताना होत असेल तर गॅसगिझर किंवा शेगडीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड आधी तपासा, त्यात उशीर जिवावर बेततो.

पेसमेकर असेल तर

इथे मर्यादांचे वरचे आकडे लागू होत नाहीत, कारण प्रश्न ऊतींचा नसून यंत्राच्या संवेदकाचा आहे. चालू इंडक्शन शेगडीपासून छाती ६० सेंटिमीटर दूर ठेवा. फोन १५ सेंटिमीटर दूर असू द्या, वरच्या खिशात ठेवू नका, आणि पेसमेकरच्या उलट बाजूच्या कानाला लावा. मागे चुंबक असलेला फोन बिनतारी चार्जिंगवर असेल तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. पेसमेकर चुंबक ओळखून मुद्दाम ठराविक वेगाने ठोके देऊ लागतो आणि डिफिब्रिलेटर (धोकादायक ठोके झटका देऊन थांबवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असेल तर तो झटका देणं थांबवू शकतो. चक्कर किंवा धडधड जाणवली तर उपकरणापासून लगेच दूर व्हा, बहुतेक वेळा यंत्र आपोआप पूर्ववत होतं. तरीही तारीख, वेळ आणि उपकरणाचं नाव लिहून पुढच्या तपासणीत दाखवा, यंत्राच्या स्मृतीत त्या वेळची नोंद सापडू शकते.