हॉर्सफील्ड कासव घरी आणताना: आधी ऊब, मग उजेड, मग पाणी, मग ताट

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत जमिनीवरचं कासव दत्तक घ्यायचं ठरवलं की बहुतेक वेळा समोर येतं ते हॉर्सफील्ड. अमेरिकेत ह्यालाच रशियन कासव म्हणतात. मूळचं ते कझाकस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ह्या कोरड्या पट्ट्यातलं. पुढच्या पायांना चार-चार नखं, गोलसर बुटकी पाठ, पूर्ण वाढलेलं साधारण १३ ते २० सेंटिमीटर, मादी त्याहून थोडी मोठी. ही यादी अशाच मोठ्या वयाच्या कासवासाठी आहे, जे एका घरातून उठून दुसऱ्या घरात येतंय आणि आल्यावर चार दिवस तोंड उघडत नाहीये. नव्या घरातलं कासव हट्टाने उपाशी राहत नाही. त्याची भूक त्याच्या अंगाच्या उबेवर चालते, आणि ती ऊब त्याला आपणच द्यायची असते. म्हणून खाऊ आणायला धावण्याआधी बाकीची तयारी पुरी करा.

भारतात राहणाऱ्यांनी आधी हे वाचावं. पाठीवर चांदण्या असलेलं आपल्याकडचं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरी पाळता येत नाही, कुणी 'दत्तक' म्हणून दिलं तरी नाही. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आहे. असं कासव कुणाकडे असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावं आणि त्यांच्या हवाली करावं. ब्रिटनमध्ये हर्मन किंवा ग्रीक कासव विकायला आर्टिकल टेनचं प्रमाणपत्र (संरक्षित जातीचा प्राणी विकायचा सरकारी परवाना) लागतं, हॉर्सफील्डला ते लागत नाही. तरीही आधीच्या मालकाकडून लेखी चिठ्ठी घ्याच.

त्या चिठ्ठीसोबत माहितीही मागून घ्या: आजवर काय खात होतं, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची शी कधी झाली, वजन किती, हिवाळ्यात झोपवत (शीतनिद्रेत ठेवत) होते का, दिवा कुठला होता आणि तो किती जुना. जमलं तर जुन्या जागेतली दोन ओंजळी कोरडी माती आणि त्याचं लपायचं खोकं सोबत आणा. ओळखीच्या वासाची एक जागा मिळाली की ते लवकर बाहेर डोकावतं.

आता जागा. एका कासवाला किमान १२० बाय ६० सेंटिमीटरचा उघडा लाकडी टेबल-पेटारा लागतो, दुप्पट मिळाला तर उत्तम. भिंती ४० सेंटिमीटर उंच आणि आरपार न दिसणाऱ्या हव्यात. काचेच्या टाकीत त्याला पलीकडचं दिसतं पण जाता येत नाही, मग दिवसभर काच ढकलत राहतं, दमतं आणि जेवण विसरतं. तळाला खत न घातलेली बागेची माती आणि कोकोपीट निम्मं-निम्मं मिसळून किमान १५ सेंटिमीटरचा थर द्या. हा खोदणारा प्राणी आहे, रानात दीड-दोन मीटर लांब बीळ करून राहतो. खोदायला माती नसेल तर कोपऱ्यात नुसतं खरवडत बसतं. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. लाकडाचा भुसा आणि कॅल्शियमची वाळू टाळा. भुसा ओला झाला की बुरशी धरतो, आणि वाळू पानांबरोबर पोटात जाऊन आतड्यात बसते. थंड बाजूला एक लपायची जागा करा. अर्धी पुरलेली आडवी मोठी कुंडी पुरते, फक्त तिच्या आतली माती थोडी ओलसर ठेवा.

दिव्यांवर मात्र वेळ घालवा, कारण न खाणाऱ्या कासवाचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक उबेचा दिवा, ज्याच्याखालच्या जागेचं तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सियस येईल. दुसरी यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी नळी, म्हणजे टी-फाइव्ह प्रकारची १० ते १२ टक्क्यांची ट्यूब, वर परावर्तक लावलेली, कवचापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर. दोन्ही एकाच बाजूला लावा, म्हणजे ऊन खायला बसलं की दोन्ही एकदम मिळतात. दुसरं टोक २० ते २२ अंशांवर राहू द्या. रात्री सगळे दिवे बंद. घर १५ अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री काही लागत नाही, जात असेल तर थर्मोस्टॅट जोडलेला सिरॅमिक हीटर लावा. लाल दिवा रात्री चालू ठेवू नका, कासवाला तो दिसतो. दिव्यांची वेळ १२ ते १४ तास, टायमरवर.

इथे चुका ठरलेल्या असतात. खिडकीतलं ऊन यूव्हीबीच्या कामाचं नाही, काच ते अडवते. ट्यूब डोळ्याला लख्ख दिसते म्हणून वर्षानुवर्षं तीच ठेवतात, पण तिच्यातली यूव्हीबी बारा महिन्यांत उतरलेली असते. बसवल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवा. दिव्याचं होल्डर चिनीमातीचंच घ्या, प्लास्टिकचं वितळतं. आणि दिवा नुसत्या चिमट्यावर टांगू नका, साखळीने वरच्या आडव्या पट्टीला बांधा. कोरड्या कोकोपीटवर पडलेला दिवा घराला आग लावू शकतो. दिव्याखाली स्लेटची एक फरशी ठेवा, आपल्या शहाबादीसारखी. ती तापते, पोटाला शेक देते, तिच्यावर नखं घासली जातात, आणि पुढे तीच ताट होते. तापमान चिकटवायच्या गोल तबकडीवर मोजू नका, ती दाखवते भिंतीचं. हातात धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर फरशीवर रोखा आणि कासव बसलेलं असताना त्याच्या पाठीवरही रोखा.

हे सगळं कासव येण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून आकडे लिहून काढा. फरशी २७ अंशांवर असेल तर कासव ऊन खात बसलेलं दिसेल, पण त्याचं पोट चालणार नाही. त्याच्या आतड्यात पानं आंबवून पचवणारे जिवाणू उबेवरच काम करतात. थंड पोटात अन्न तसंच पडून राहतं, म्हणून ते शहाण्यासारखं खायचंच थांबतं.

अजून तीन वस्तू हव्यात. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, पण कासवासाठी वेगळा. दुसरी कुंडीखाली ठेवतात तशी पसरट मातीची बशी, पाणी त्याच्या हनुवटीपर्यंतच येईल इतकी उथळ. तिसरा आंघोळीचा प्लास्टिकचा टब. कासवाची कुठलीही वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. साल्मोनेला हा जंतू तब्येतीने ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही असतो. हात साबणाने धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांना ते हाताळू देऊ नका.

आणायचा दिवस. हवेला भोकं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत टॉवेल आणि अंधार. घरी पोचल्यावर आधी वजन करा आणि तारखेसकट वहीत लिहा. हाच तुमचा पाया. मग लगेच आंघोळ. टबात २९ ते ३२ अंशांचं कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जिथे बाजूला जुळतं तिथपर्यंत. १५ ते २० मिनिटं, पाणी गार होऊ लागलं की बदलून. आधी ते मान आत घेऊन दगडासारखं बसेल. मग डोकं हळू बाहेर येईल, नाकाच्या टोकापर्यंत पाण्यात बुडेल, आणि गळ्याची सैल कातडी लयीत वर-खाली होऊ लागेल. हे पाणी पिणं आहे, घाबरून उचलू नका. थोड्या वेळाने पाण्यात शी आणि पांढरट चिकट युरेट (लघवीतला घट्ट भाग) येतील. टूथपेस्टसारखे मऊ असतील तर ठीक. बोटांना वाळूसारखे कचकच लागले तर अंगात पाणी कमी आहे. पहिले दोन आठवडे अशी आंघोळ एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. पाणी भरलं नाही तर भूक येत नाही, म्हणून खाण्याच्या आधी हे.

मग त्याला फरशीजवळ सोडा आणि दूर व्हा. पहिला आठवडा उचलणं, पाहुण्यांना दाखवणं, मुलांच्या मांडीवर ठेवणं बंद. कुत्रं-मांजर त्या खोलीत नको. दुसरं कासव असेल तर वेगळी खोली, वेगळी बशी, वेगळं पाणी, किमान तीन महिने, सहा केले तर बरं. हॉर्सफील्ड वरून धडधाकट दिसत असतानाही हर्पीस विषाणू बाळगू शकतं, आणि तो दुसऱ्या जातीच्या कासवांना जीवघेणा ठरू शकतो.

आता ताट. दिवे लागून दीड-दोन तास झाले, कासव तापून फिरू लागलं, की त्या वेळी फरशीवर पानं ठेवा. पाटीभर नको, त्याच्या कवचाच्या आकाराचा ढीग पुरे. मुख्य खाणं म्हणजे तण: डँडेलियनची पानं आणि पिवळी फुलं, प्लँटेन (आपल्या इसबगोलाचंच भावंड), सो-थिसल, मॅलो, थोडं क्लोव्हर. हिवाळ्यात चिकोरी, एन्डाइव्ह, रॉकेट ही सॅलडची पानं. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, हे सगळं चालतं. कुत्री फिरतात किंवा फवारणी होते अशा कडेचं तण तोडू नका. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, बटरकप विषारी आहेत, ओळखता आल्याशिवाय काहीच देऊ नका.

आपल्या स्वयंपाकघरातलं जवळपास काही नको. पोळी, भात, डाळ, दही, मोड आलेली कडधान्यं ही प्रेमाने दिली जातात आणि मूत्रपिंडावर येतात. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. फळांची साखर पोटात भलतीच आंबते आणि जुलाब लागतात. कॅल्शियम कार्बोनेटची साधी पूड, फॉस्फरसविना, आठवड्यातून तीन-चारदा चिमूटभर पानांवर भुरभुरा, आणि समुद्रफेनाचा एक तुकडा कायम पडू द्या. वाटेल तेव्हा ते कुरतडेल, चोचही झिजेल.

तिसरा दिवस आला आणि ताट तसंच असेल तर पुन्हा थर्मामीटर घ्या, मग वजन करा. आकडे ठीक असतील तर दोन आठवड्यांपर्यंत कमी खाणं ह्या बदलात बसतं. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड ५ यानातून ह्याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून हिंदी महासागरात उतरली होती. वजन सुमारे दहा टक्के घटलं होतं, पण भूक शाबूत होती. त्यांच्या उपासाचा धसका आपल्याइतका त्यांना नसतो. पण दहा टक्के ही आपली हद्द. ७०० ग्रॅमचं कासव ६३० वर आलं की वाट पाहणं संपलं, डॉक्टर. इंटरनेटवर लांबी-वजनाचा जॅक्सनचा तक्ता सापडेल. तो ग्रीक आणि हर्मन कासवांसाठी आहे, गोल हॉर्सफील्डला लावू नका.

हद्दीच्या आत असाल तर खुणावणं सुरू करा. पिवळं किंवा लाल फूल वर ठेवा, रंग त्यांना आधी दिसतो. काही कासवांना कापलेलं पान हे अन्न वाटतच नाही. त्यांच्यासाठी डँडेलियनचं अख्खं रोप मुळासकट मातीत खोचा. आंघोळीनंतर लगेच ताट द्या. तेही नाही चाललं तर काकडी किसून तिचं पाणी पानांना चोळा आणि दोन-चार तुकडे मिसळा, पुढे रोज थोडी कमी करत आठवड्यात बंद करा. टोमॅटो आणि स्ट्रॉबेरीच्या नादी लावू नका, मग पानाकडे ढुंकून पाहत नाही. आधीच्या घरी नुसतं लेट्यूस मिळत असेल तर एकदम तोडू नका. पहिल्या दिवशी तीन हिस्से लेट्यूस, एक हिस्सा तण, बारीक चिरून एकत्र, म्हणजे निवडता येणार नाही; तीन आठवड्यांत प्रमाण उलटं करा. तोंड उघडून घास कोंबायचा नाही. चोच तुटते आणि अन्न श्वासनलिकेत जातं. नळीने भरवणं डॉक्टरांचं काम.

थांबायचंच नाही अशी लक्षणं वेगळी. नाकातून बुडबुडे, मान लांब करून उघड्या तोंडाने श्वास, सुजलेले मिटलेले डोळे, मऊ पडलेलं कवच, तोंडात पिवळसर चीजसारखा थर. मादी अस्वस्थ होऊन जिथे तिथे खोदते आणि खात नसते तेव्हा पोटात अंडी असू शकतात. नर जवळ नसला तरी ती अंडी घालते. तिला २० सेंटिमीटरहून खोल, उबदार, ओलसर मातीचा कोपरा हवा. डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारेच शोधा आणि ते आधीच शोधून ठेवा. पहिली ताजी शी डबीत घालून तपासायला न्या, जंत निघणं नेहमीचं आहे. औषध ते ठरवतील. पण कुणीही, अगदी सवयीने, आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. कुत्र्या-गायींना ते चालतं, कासवांचा त्याने जीव जातो.

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये आणलेलं कासव वेगळं वागतं. दिवस लहान होऊ लागले की ते आपोआप खाणं कमी करतं आणि मातीत शिरू पाहतं. ह्या पहिल्या वर्षी त्याला झोपवू नका. त्याचं पोट, वजन, जंत, काहीच अजून तुम्हाला ठाऊक नाही. खोलीत दिवे १४ तासांवर न्या, फरशी ३५ वर ठेवा, पडदे ओढून बाहेरची लवकरची संध्याकाळ अडवा, आणि रोज सकाळी तापल्यावर कोमट आंघोळ देऊन मग ताट ठेवा.