मॅक ॲड्रेस असताना आयपी ॲड्रेस कशाला?

नेटवर्किंग शिकायला घेतलं तेव्हा ओएसआय या नेटवर्किंगच्या मॉडेलचे सातही थर मला तोंडपाठ होते. तरी एक प्रश्न पिच्छा सोडेना. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस असतो, मग वर आणखी आयपी ॲड्रेस कशाला?

उत्तर मिळालं ते वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये. एका वेबसाइटकडे निघालेलं पॅकेट पकडून उघडलं. आयपी हेडरमध्ये डेस्टिनेशन म्हणून त्या सर्व्हरचाच ॲड्रेस होता, पण इथरनेट हेडरमधला डेस्टिनेशन मॅक होता माझ्याच राउटरचा! दुसरी साइट उघडली, तिसरी उघडली. आयपी बदलत गेला, मॅक मात्र तोच. मॅक फक्त पुढच्या टप्प्यापुरता असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. वाटेतला प्रत्येक राउटर आलेली फ्रेम (पॅकेटभोवतीचं इथरनेटचं वेष्टन) सोडवतो, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी करतो आणि पुढच्या लिंकसाठी नवी फ्रेम बांधतो. डेस्टिनेशन आयपी शेवटपर्यंत तसाच राहतो. (नॅट म्हणजे राउटरने ॲड्रेस बदलून देणं; त्यामुळे आपला सोर्स आयपी बदलतो, पण सुरुवातीला नॅट बाजूलाच ठेवा.)

आता सबनेट मास्क, म्हणजे आयपीचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा. नवख्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं मला मनापासून वाटतं. प्रॅक्टिकलला माझ्या मशीनचा आयपी १९२.१६८.१०.२५ होता आणि मास्क २५५.२५५.२५५.० हवा असताना मी २५५.२५५.०.० टाकला. इंटरनेट व्यवस्थित चालू, फक्त १९२.१६८.२०.५ वरचा सर्व्हर काही केल्या पिंग होईना. तासभर मी केबल आणि फायरवॉल तपासत बसले. शेवटी कॅप्चर लावलं, तर एआरपीची (आयपीवरून मॅक शोधणाऱ्या प्रोटोकॉलची) एकच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा: '१९२.१६८.२०.५ कोणाकडे आहे?' चुकीच्या मास्कमुळे माझं मशीन त्या सर्व्हरला आपल्याच नेटवर्कमधला समजत होतं, म्हणून पॅकेट गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे, देतच नव्हतं. एआरपीचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम केलेली विचारणा, राउटर ओलांडत नाही, मग उत्तर देणार कोण? मास्क दुरुस्त केला आणि पुढच्याच पिंगला रिप्लाय आला.

पोर्ट त्या मानाने सोपा. मशीनपर्यंत पोचलेला डेटा कुठल्या प्रोग्रामला द्यायचा, ते हा १६ बिटांचा नंबर सांगतो. एकाच सर्व्हरशी टीसीपी (डेटा पोचवणारा एक प्रोटोकॉल) वापरून दोन कनेक्शन उघडली तर दोन्हींचे आयपी सारखे, सर्व्हरचा पोर्ट ४४३ही सारखा; वेगळा असतो तो आपल्या बाजूचा पोर्ट. आयपी हेडरमधल्या प्रोटोकॉल नंबरकडेही लक्ष द्या. तिथे ६ असेल तर आत टीसीपी, १७ असेल तर यूडीपी हा दुसरा प्रोटोकॉल.

पुस्तकातली आकृती दहादा गिरवण्याऐवजी हे करून बघा. एआरपी टेबल (मशीनने लक्षात ठेवलेल्या आयपी-मॅकच्या जोड्या) रिकामं करा, कॅप्चर चालू करा, आधी शेजारच्या मशीनला पिंग करा आणि मग बाहेरच्या एखाद्या ॲड्रेसला. दोन्ही पॅकेटांतले डेस्टिनेशन मॅक वहीत शेजारी शेजारी लिहा आणि त्यातला कोणता कोणाचा, ते एआरपी टेबलमध्ये शोधा.