वाचनालयाचा इतिहास लिहायचा तर दप्तर कसं वाचावं

पहिलं सांगते, जुनं दप्तर उन्हाळ्यात उघडू नका. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये जुना कागद पापडासारखा होतो, घडी उलगडली की तुकडा हातात येतो. आमच्या वाचनालयाचं एक प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, मी मे महिन्यात उघडलं आणि पहिल्या पानाचा कोपरा गेला, नेमका तारखेचा. तेव्हापासून मी हे काम श्रावणात काढते. खाली धुतलेली चादर अंथरायची, एका वेळी एकच वही घ्यायची आणि आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. वाचन त्यानंतर. मोडीतली पानं निघाली तर अंदाजानं वाचू नका, मोडी जाणणारा माणूस शोधा. तारीख शके असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. एवढ्या एका चुकीनं आख्खा कार्यक्रम वर्षभर मागे जातो.

स्थापनेच्या सालाबद्दल फार सावध राहा. फलकावर जे साल असतं ते पुष्कळदा नोंदणीचं असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा, ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याआधी वीस-तीस वर्षं चाललेल्या संस्थाही या कायद्यांखाली आल्या तेव्हा कागदावर नव्यानं जन्मल्या. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची (संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्याची) नक्कल जरूर काढा, पण शेवटचा भरवसा ठेवा पुस्तकांच्या शिक्क्यांवर. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे आणि ठरलेल्या आतल्या पानावर (आमच्याकडे ते ५१ वं पान) शिक्का असतो. आमच्याकडे तीन वेगवेगळे शिक्के सापडले. पहिल्यात नुसतं ‘वक्तृत्व मंडळ’ आहे, वाचनालय हा शब्दच नाही. दाखल नोंदवहीतल्या (आलेल्या पुस्तकांच्या वहीतल्या) तारखांशी ते शिक्के जुळवले तेव्हा कळलं, की आमची मंडळी आधी बोलायला जमत होती आणि बोलण्यासाठी पुस्तकं लागली म्हणून कपाट आलं. कुठल्याही स्मरणिकेत हे नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: अध्यक्षांच्या यादीनं सुरुवात करू नका. यादी शेवटच्या पानावर छापा. सभांचं प्रोसिडिंग आणि पुस्तकांचं देवघेव रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवा आणि दोन्ही एकत्र वाचा.

प्रोसिडिंगमध्ये वादविवादाचा विषय असतो, अनुकूल कोण, प्रतिकूल कोण, अध्यक्षस्थानी कोण. देवघेवीत तारीख, सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक. आमच्या एका सभेचा विषय होता, विणकरानं हातमाग सोडून यंत्रमाग घ्यावा का. सभेआधीच्या आठ दिवसांत अर्थशास्त्राची चार पुस्तकं गेलेली दिसली. नेणाऱ्यांपैकी दोघांची नावं प्रतिकूल बाजूला आहेत. सभासद नोंदणीत त्यांचा पत्ता साखर पेठ, धंदा ‘माग’. त्यातल्या एकापुढे चिटणिसांनी लिहिलंय, ‘वेळ संपली तरी बोलू दिले.’ त्या एका ओळीसाठी मी दोन महिने रजिस्टर चाळलं आणि ते सार्थकी लागलं.

सगळं रजिस्टर मोजत बसू नका, नाहीतर काम सुटेल. दर दहा वर्षांतली तीन वर्षं घ्या आणि त्यातला एकच महिना, दरवेळी तोच. शेऱ्याचा रकाना मात्र पूर्ण वाचा. बायकांची नावं सभासदांत उशिरा येतात, पण नवऱ्याच्या क्रमांकापुढे ‘घरी’ असा शेरा कितीतरी आधीपासून आहे. ती पुस्तकं त्या वाचत होत्या. त्या शेऱ्यांना तुमच्या इतिहासात स्वतंत्र पान द्या.

मध्येच नोंदी थांबल्या तर तीही नोंदच समजा. आमच्या वहीत १९३० च्या मेच्या पहिल्या आठवड्यानंतर काहीच नाही, पुढची सभा थेट जुलैत. सोलापुरात १२ मे १९३० ला लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत होता. पुढच्या वर्षी जानेवारीत एका सभेपुढे फक्त ‘तहकूब’ आहे. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिली गेली. वहीत कारण लिहिलेलं नाही. मी दोन्ही तारखा शेजारी लिहिल्या आणि ‘म्हणून’ हा शब्द घातला नाही. तुम्हीही घालू नका. लिहिणाऱ्यानं जे लिहायचं टाळलं, ते आपण त्याच्या तोंडी घालू नये.

जुन्या माणसांना भेटाल तेव्हा साल विचारू नका. साल कुणाला आठवत नाही, प्रसंग आठवतो. ‘दुष्काळाच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की १९७२ ची खूण मिळते. एका आजोबांनी सांगितलं, ‘साहित्य संमेलन आपल्याकडे भरलं त्या वर्षी मी पहिल्यांदा बोललो.’ ते संमेलन १९४१ चं, वि. स. खांडेकर अध्यक्ष. मग त्या वर्षीचं प्रोसिडिंग काढलं, आणि त्यांचं नाव होतं. कंदील कोण लावायचं, मिलची पाळी सुटल्यावर किती वाजता यायचात, कुठल्या बाकावर बसायचात, असले प्रश्न विचारा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू जाणणारं कुणीतरी बरोबर न्या, आजी-आजोबा आपल्या भाषेत मोकळे होतात. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या.

खर्चाचे आकडे देताना लक्षात ठेवा, १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. बेरीज दशांशात केली की चुकते. छपाईचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही, चांगला प्रेसवाला गाठा.

मसुदा मात्र छापण्याआधी सभागृहात मोठ्यानं वाचून दाखवा. आम्ही दोन शनिवार वाचला. तेलुगू आणि कन्नड आडनावं चिटणिसांनी कानाला आली तशी लिहिली होती, त्यातली अकरा त्या त्या घरच्या माणसांनी तिथेच दुरुस्त करून दिली.

आणि दप्तर परत बांधताना आत एक चिठ्ठी ठेवा: कुठली पानं गहाळ, फोटो कुणाकुणाकडे, बांधल्याची तारीख. आमच्याकडे एकदा रंगकामाला सामान बाहेर काढलं आणि दोन गाठोडी रद्दीत गेली. त्यात काय होतं, हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण चिठ्ठी नव्हती.