समेट करायला निघालात? आधी या चुका टाळा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारच्या प्रार्थनासभेत शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात. तीन वर्षांपूर्वी मी तिथे मावसभावाचं कर्ज मांडलं. “दादासाठी प्रार्थना करा, वसुलीवाले दारात येतायत.” शनिवारपर्यंत ते गावभर झालं होतं आणि रविवारी दादा उपासनेला आला नाही. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चहाडीच ती. पण खरा घोळ मी पुढे, ते निस्तरताना घातला.

पहिली चूक म्हणजे माफी फक्त देवाकडे मागणं. गुडघ्यावर बसलो, बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचलं, रडलो. हलकं वाटलं, झोप लागली. दादाची झोप उडालेलीच होती. मत्तय 5:23-24 मला लहानपणापासून पाठ: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. पण येशू हे गालीलात बोलला आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांवर. गालीलातल्या माणसाने अर्पण तिथंच सोडून घरी यायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढं चालायचं! शिवाय ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असं तिथे नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर उठायचं तू.

मग मी त्याला व्हॉट्सॲपवर इफिस 4:32 पाठवलं. एकमेकांना क्षमा करा! चूक माझी आणि वचन त्याला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. हे आठवलं की आजही कान गरम होतात. दुखावलेल्या माणसाला क्षमेचं वचन अपराध्याने पाठवू नये.

पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, मध्ये घालायचाही विचार होता. नशीब, तेच म्हणाले, “आधी एकटे जा.”

गेलो. “तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर,” म्हणालो. दादा म्हणाला, “असेल तर?” तेवढ्यावरच भेट संपली. दुसऱ्या खेपेला जर-तर सोडलं: “तुझी घरातली गोष्ट तुला न विचारता मी सभेत बोललो. चुकलो.” यापुढे ‘पण’ आला की सगळं वाया. ‘पण माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य जिभेच्या टोकावर येतंच, तिथंच गिळा.

पैशाचं नुकसान केलं असेल तर नुसत्या शब्दांवर भागवू नका. बायबलच्या गणना पुस्तकात, अध्याय 5 मध्ये, कबुलीबरोबर पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला. माझं नुकसान शब्दांचं होतं. सभेत उभं राहून कबूल करू का, असं दादाला विचारलं. तो म्हणाला, “आता आणखी काही बोलू नकोस.” म्हणून नाही बोललो. मनातून साक्ष द्यायची फार इच्छा होती, आणि तीच शंकास्पद होती. भरपाई कशी हवी ते ज्याचं नुकसान झालं त्याला ठरवू द्या.

आणि लगेच पूर्वीसारखं होण्याची घाई नको. बायबलमधल्या याकोबाने आपण फसवलेल्या थोरल्या भावासाठी, एसावासाठी, साडेपाचशेच्या वर जनावरं पुढे पाठवली, सात वेळा भुईपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघे रडले. उपदेशात गोष्ट बहुधा इथेच संपते. पुढे मात्र एसाव म्हणतो, चल बरोबर. याकोब म्हणतो, तू हो पुढे, मी सावकाश येतो, आणि वळतो दुसरीकडेच, सुक्कोथला. राहिले वेगवेगळेच. पण बापाला मूठमाती द्यायला दोघे होते.

दादा आता उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. ‘जय ख्रिस्त’ला ‘जय ख्रिस्त’ म्हणतो. नाताळात मी त्याच्याकडे करंज्यांचा डबा पोचवतो. डबा रिकामाच परत येतो, पण घासूनपुसून.