घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं, तर पहिले चोवीस तास

फोन बहुतेक रात्रीच येतो. "मॅडम, भावाला नेलंय." कोणी नेलं, कुठल्या ठाण्याला, कशासाठी, किती वाजता, या चारांपैकी एकाचंही धड उत्तर समोरच्याकडे नसतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात बावीस वर्षं मी फौजदारी कामं करते, आरोपीच्या बाजूने. माझे वडील पोलीस हवालदार होते. ठाणे अंमलदार रात्रपाळीला स्टेशन डायरीत काय लिहितो, हे मी कायद्याच्या पुस्तकात वाचायच्या आधी घरी जेवताना ऐकलंय. पोलिसांविषयी मनात राग धरून मी हे काम करत नाही. पण माणूस घरातून नेला जातो तेव्हापासून तो मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहीपर्यंतचा काळ मी फार जवळून पाहिला आहे, आणि त्याचे हक्क बहुतेक वेळा तेवढ्यातच टिकतात किंवा जातात. त्या काळात घरच्यांनी काय करायचं आणि वकिलाकडून काय करून घ्यायचं, ते सांगते.

आधी वेळ लिहा

वकील शोधायच्या आधी घड्याळ बघा. मिळेल तो कागद घ्या आणि लिहा: किती वाजता नेलं, कुठून नेलं, किती जण होते, गणवेशात की साध्या वेशात, छातीवर नावाची पट्टी होती का, गाडीचा नंबर काय, शेजारपाजारचं कोण बघत होतं.

राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाला लागणारा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-जामिनाच्या नव्या कायद्याच्या, कलम ५८ मध्येही तेच आहे. मात्र हे तास मोजायचे कधीपासून, यावरच सगळं अडतं. "चौकशीला चला, संध्याकाळी सोडतो" म्हणून सकाळी नेतात, बाकड्यावर बसवून ठेवतात, आणि अटक दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवतात. मधले तास कागदावर कुठेच नसतात.

सेंट्रिंगचं काम करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने लाइट बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं: "सकाळी साडेसहा, डेअरीला दूध घालताना, दोघे साध्या कपड्यातले, पांढरी गाडी." शिक्षण चौथी. अटक पंचनाम्यात वेळ होती दुसऱ्या दिवशी दुपारी चारची. मी ते बिल तिच्या प्रतिज्ञापत्रासोबत हजर केलं आणि डेअरीवाल्याचंही प्रतिज्ञापत्र जोडलं. सोबत अर्ज दिला की ठाण्यातलं त्या दोन दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगावं. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. कोर्टाने तपासी अंमलदाराला खुलासा विचारला. त्याला नीट उत्तर देता आलं नाही. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, नाकारली गेली. मी त्या दिवशी पाचच मिनिटं बोलले असेन. अर्धं काम त्या बाईने आदल्या दिवशी सकाळीच करून ठेवलं होतं.

ठाण्यात गेल्यावर

दोघे जा, त्यातला एक शांत डोक्याचा असू द्या. आरडाओरडा करू नका, हातापाया पडू नका, आणि गेटवर भेटून "साहेबांशी बोलतो, एवढे लागतील" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. ठाणे अंमलदाराला गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं विचारा. तपास कोणाकडे आहे, अटक किती वाजता दाखवली आणि कोर्टात केव्हा हजर करणार, हेही विचारून लिहून घ्या. नंबर मिळाला की एफआयआर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही सापडते. ती चोवीस तासांत चढवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं आहे. लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे मात्र त्यातून वगळले आहेत.

अटक केली असेल तर अटकेचा मेमो व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि नातेवाइकाला कळवायलाच हवं. ही बंधनं पश्चिम बंगालमधल्या कोठडी मृत्यूंबद्दल डी. के. बसू यांनी लिहिलेल्या पत्रातून आली. त्या प्रकरणाचा निकाल डिसेंबर १९९६ मध्ये लागला. आज ती संहितेच्या कलम ३६ आणि ४८ मध्ये आहेत. मेमोवर तुमची सही मागितली तर आधी वेळेचा रकाना वाचा. वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. तसं लिहू देत नसतील तर सही न करता बाहेर या आणि वकिलाला लगेच सांगा.

आता सगळ्यात ताजी आणि कामाची गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, वरळीच्या एका अपघात प्रकरणातून गेलेल्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गुन्हा कुठलाही असो, अटक का केली हे त्या माणसाला लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत दिलं पाहिजे. लगेच देता आलं नाही तरी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी दिलंच पाहिजे, नाहीतर अटक बेकायदा. इथे एक बारकावा आहे. "पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल" अशी छापील वाक्यं प्रत्येक आरोपीच्या कागदावर सारखीच असतात. ती चालत नाहीत. याच माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, ते लिहिलेलं हवं. भावाच्या हातात असा कागद आहे का, कुठल्या भाषेत आहे, किती वाजता दिला, हे वकिलाला कळवा. दोन तास आधी कागद मिळाला तरच वकिलाला रिमांडला, म्हणजे कोठडीच्या मागणीला, विरोध करायची तयारी करता येते. तो नियम त्यासाठीच आहे.

अटक न करता नुसती हजर राहायची नोटीस, कलम ३५(३) ची, आली असेल तर जा. घाबरून गावाला निघून गेलात तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक गरजेची का आहे ते पोलिसांनी लिहून दाखवायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली अशी नोटीस रीतसर बजावणी धरली जात नाही. आणि व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणारा पोलीस नसतो, चोर असतो. फोन ठेवा.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी आणि महिला अधिकारी, दोन्ही हवं. साठीच्या पुढच्या माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही.

आतल्या माणसाला काय सांगायचं

भेटायला मिनिटभरच मिळेल. रडण्यात घालवू नका. नाव, पत्ता, वय खरं सांग. आरोपाबद्दल विचारलं तर "वकिलांना विचारून सांगतो" एवढंच म्हण. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणावर करता येत नाही, असं अनुच्छेद २०(३) सांगतो. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ देतं, चौकशीभर नाही, पण भेट मिळते.

"पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही ना?" हे गावात सगळ्यांना माहीत असतं. खरं आहे, चालत नाही. पण त्यात एक फट आहे. आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, "हत्यार कुठे ठेवलंय ते दाखवतो," आणि त्यावरून वस्तू निघते. तेवढं वाक्य पुराव्यात येतं. आम्ही त्याला मेमोरँडम पंचनामा म्हणतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २७ होतं. कितीतरी खटले या एका पानावर उभे असतात, म्हणून बचाव पक्षाचा वकील उलटतपासात सगळ्यात जास्त वेळ पंचाला देतो. तू त्या दिवशी कुठे होतास, गाडीत कोण कुठे बसलं होतं, कागद कुठे लिहिला, वस्तू निघाली ती जागा सगळ्यांना येण्याजाण्यासारखी होती का? पंच खरा असेल तर उत्तरं जुळतात.

मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना सांगायचं. शर्ट वर करून दाखवायचं.

वकिलाकडून काय मागायचं

वकील मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, पण रिमांडच्या वेळी कोर्टात स्वतः हजर राहणारा हवा. फी ठरवून घ्या, पावती मागा. "जामीन नक्की करून देतो" अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ती हमी कोणीच देऊ शकत नाही.

आणि वकिलाला खरं सांगा. तुम्ही आम्हाला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय आम्ही बाहेर सांगू शकत नाही, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ची तशी बंदी आहे. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी मदत मागाल तर मात्र हे संरक्षण नाही. मला सगळ्यात जास्त त्रास गुन्हेगारांनी दिलेला नाही. अर्धं लपवणाऱ्या चांगल्या माणसांनी दिला.

पैसे नसतील तर थांबू नका. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन नंबर १५१००. कोठडीत असलेल्या माणसाला, बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असं समजू नका. मी स्वतः अशी कामं केली आहेत आणि ती फाइल मी कधी इतर फायलींच्या खाली ठेवलेली नाही.

रिमांडची सकाळ

साडेदहाला कोर्टात पोचा. आरोपीला कोणत्या कोर्टात आणणार ते बेंच क्लार्क सांगेल. सोबत जामीनदार आणा, त्याचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगारपत्रक. आजारपण असेल तर औषधाची चिठ्ठी. मुलांच्या परीक्षा, म्हातारी आई, यातलं जे खरं असेल त्याचा कागद आणा. नुसतं तोंडी सांगून काही होत नाही.

आरोपीला आणलं की वकीलपत्रावर त्याची सही घेताना मला व्हरांड्यात दोन-चार मिनिटं मिळतात. त्यात मी एकच गोष्ट पक्की करते. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" शेजारी तेच पोलीस उभे असतात ज्यांच्याबरोबर पुन्हा परत जायचं असतं. माणूस खाली बघून "नाही" म्हणतो. ते "नाही" नोंदलं जातं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्याविरुद्ध उभं राहतं. म्हणून मी सांगते: मार बसला असेल तर हो म्हण, मी तुझ्या बाजूला उभी आहे, आत्ताच सांग. खोटं मात्र सांगू नकोस.

मग सरकारी वकील कोठडी मागतात, आम्ही विचारतो कशासाठी. जप्ती झाली, घरझडती झाली, मोबाइल घेतला, आता शरीर ताब्यात कशाला हवं? पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसच मिळते, पण नव्या कायद्यात ती पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली म्हणजे सुटलो, असं आता धरून चालता येत नाही.

"असल्या माणसाची केस घेताच कशाला?"

हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटीत, माझ्याच घरी विचारला गेलाय. मी एकाच प्रकरणाचं सांगते. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतली सहा माणसं. २००३ चा अतिशय क्रूर गुन्हा, दरोडा, बलात्कार, खून. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, त्यांतल्या तिघांची उच्च न्यायालयाने जन्मठेप केली होती. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सुनावणी घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटना डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. ते चौघे बाजूलाच राहिले. या सहा जणांची सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यांतल्या एकाला तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायचा आदेश झाला. ज्या कुटुंबावर तो अत्याचार झाला, त्यांना तरी यातून न्याय मिळाला का? फोटोंच्या त्या कागदाचा पाठपुरावा पहिल्याच वर्षी नेटाने झाला असता, तर तपास कदाचित खऱ्या माणसांकडे वळला असता. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही, असे ठराव बार असोसिएशन करतात तेव्हा मी हेच सांगून विरोध केला आहे. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि दिवस मोजा

जामीन नाकारला गेला तर घरी जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. पहिल्यांदा रिमांड झाली त्या दिवसापासून मोजत साठावा आणि नव्वदावा दिवस लाल पेनाने गोल करा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो, गुन्ह्याचं स्वरूप कितीही गंभीर असो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी मागावा लागतो. आपण दुपारी अर्ज लिहीत बसलो आणि पोलिसांनी सकाळी साडेअकराला दोषारोपपत्र ठेवलं, तर तो हक्क गेला. त्यामुळे अर्ज मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळीच टाइप करून घ्या आणि जामीनदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच कोर्टाच्या पायरीवर बोलवा. तो दिवस रविवार असेल, तरी सुट्टीचे ड्युटी मॅजिस्ट्रेट बसतात. कोणत्या कोर्टात बसणार, हे शनिवारीच विचारून ठेवा.