डिझेल कुणाच्या खात्यात? स्कोप १, २, ३ भरताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज सुरू होतात. "मॅडम, ते कार्बनचं टेम्प्लेट पाठवता का? कस्टमरला शुक्रवारपर्यंत द्यायचंय." पाठवणारा कधी रबाळ्याचा असतो, कधी पावण्याचा, कधी वागळे इस्टेटचा. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असलेल्या लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला. तेव्हापासून त्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांकडेही आकड्यांचा तगादा सुरू झाला. टेम्प्लेट मी पाठवते. पण गुणाकार कुणाचाच चुकत नाही, तो एक्सेल करतं. चुकतं ते कुठला आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा हे.

रकाने जीएचजी प्रोटोकॉलचे, म्हणजे हरितगृह वायूंचा हिशेब मांडायच्या जागतिक नियमावलीचे. २००१ साली आले, २००४ मध्ये सुधारले, तेव्हापासून मूळ चौकट तीच आहे. आपल्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या यंत्रातून जे थेट हवेत जातं ते स्कोप १. विकत घेतलेली वीज, वाफ, उष्णता, थंडावा तयार करताना दुसऱ्याच्या जागी जे जातं ते स्कोप २. आपल्या धंद्यामुळे पण दुसऱ्याच्या यंत्रातून जाणारं बाकी सगळं स्कोप ३, त्याच्या पंधरा कॅटेगरी. एवढं सगळ्यांना पाठ असतं. तरीही घोळ होतोच.

इंधन बघून रकाना ठरवणं

माझ्या यादीत ही चूक कायम पहिली. डिझेल म्हटलं की स्कोप १, वीज म्हटलं की स्कोप २, असं गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इंधनाला स्कोप नसतो. ते कुणाच्या ताब्यातल्या यंत्रात जळतं त्यावर स्कोप ठरतो. बिल कुणी भरलं यानंही ठरत नाही, आणि यंत्र गेटच्या आत उभं आहे की बाहेर यानंही नाही.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं ते खरं तर कौतुकाला. नवीन ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) मॅनेजर, तरुण, हुशार, स्लाइड तयार: स्कोप १ मध्ये एक तृतीयांश घट. मोठ्या साहेबांना ती स्लाइड वार्षिक अहवालात टाकायची होती. मी विचारलं, केलंत काय? पीएनजीचा बॉयलर तोच, बिलं जवळपास तेवढीच. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, तोच. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, अवेअरनेस." अवेअरनेसनं बॉयलर कमी गॅस खात नाही.

मी स्टोअरमध्ये जाऊन बसले. स्टोअरच्या काकांनी आदल्या वर्षीची पेट्रोल पंपाची बिलं काढून दिली. बेलापूर रोडवरचा पंप, महिन्याचं एकच उधारीचं बिल. एका महिन्याचं बिल होतं ३,६४० लिटरचं, आणि ते अख्खंच्या अख्खं "डीजी डिझेल" म्हणून स्कोप १ मध्ये गेलेलं. मग डीजीचं लॉगबुक मागवलं. त्या महिन्यात डीजीनं दिलेली वीज २,७०० युनिट. बरा डीजी लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे डिझेल लागलं असेल आठशे-नऊशे लिटर. मग उरलेलं पावणेतीन हजार लिटर पाण्यासारखं गेलं कुठे?

काका शांतपणे म्हणाले, "बसेसला." कल्याण, पनवेल, दिव्याहून कामगारांना आणणाऱ्या कंत्राटदाराच्या चार बसेस. त्या कंपनीच्या खात्यावर डिझेल भरायच्या आणि ते पैसे कंत्राटदाराच्या बिलातून वजा व्हायचे. बिलांना टाचलेल्या स्लिपांवर बसचे नंबर स्वच्छ लिहिलेले होते. तीन वर्षांत त्या स्लिपा कुणी उलटून पाहिल्या नव्हत्या. यंदा एप्रिलपासून कंत्राटदार स्वतःच डिझेल भरायला लागला, किलोमीटरचा दर वाढवून मिळाला त्याला. पंपाचं बिल उतरलं आणि स्लाइड तयार झाली. बसेस त्याच, रूट तेच, धूरही तेवढाच.

बस त्याची, ड्रायव्हर त्याचा, पीयूसी त्याच्या नावावर. म्हणजे ते डिझेल पहिल्या दिवसापासून स्कोप ३, कॅटेगरी ७, कर्मचाऱ्यांची ये-जा. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे महिन्याला साडेसात टन, वर्षाला नव्वद टन चुकीच्या रकान्यात पडून होते. वर गंमत अशी की कॅटेगरी ७ त्यांनी हजेरीपट आणि अंतरावरून वेगळी काढलेली होती, म्हणजे तोच धूर एकाच वहीत दोनदा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वह्यांत एकच धूर दिसला तर हरकत नाही, स्कोपची रचनाच तशी आहे. आपल्याच वहीत दोनदा आला तर ती चूक.

स्लाइड गेली. मागची तीन वर्षं, आधारवर्षासकट (ज्याच्याशी पुढची सगळी वर्षं ताडतात ते वर्ष), पुन्हा मांडावी लागली. मॅनेजर दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. आता बोलतो.

माझी सवय सांगते: इंधनाचा आकडा मी कधीही एका कागदावरून घेत नाही. पंपाचं बिल एका बाजूला, लॉगबुक दुसऱ्या बाजूला. दहा टक्क्यांच्या आत जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर चहा सांगून स्टोअरमध्ये बसायचं. याला शॉर्टकट नाही. ज्यांना हवा असतो ते मला पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतात.

भाड्याच्या ऑफिसातला डीजी

हीच चूक उलटी होते ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत. भाडेकरू कंपनीला बिल्डिंगवाल्याचं महिन्याचं बिल येतं, त्यात "डीजी युनिट" अशी एक ओळ असते. पोरं ती उचलतात आणि डीजी म्हणून स्कोप १ मध्ये टाकतात. डीजी कुणाचा? बिल्डिंगवाल्याचा. चालवतो कोण? त्याची माणसं. तुम्ही त्याच्याकडून वीज विकत घेताय, म्हणून ती स्कोप २. फक्त तिला ग्रिडचा फॅक्टर (युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, तो आकडा) लावू नका, ही वीज ग्रिडची नाही. युनिटमागे किती डिझेल लागलं ते बिल्डिंगवाल्याला विचारा आणि त्यावरून काढा. तो आधी टाळाटाळ करेल. पुन्हा विचारा. सेंट्रल चिलरचं थंड पाणी मीटरवर मोजून मिळत असेल तर तेही स्कोप २. शेजारच्या प्लांटकडून पाइपनं वाफ घेत असाल तर तीही.

वीजबिलातला कुठला आकडा?

ठाणे, नवी मुंबईत बिल महावितरणचं. एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांचं बिलिंग एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (प्रत्यक्ष वापरापेक्षा सहसा थोडा मोठा येणारा आकडा) होतं, त्यामुळे बिलावर ठळक दिसतो तो केव्हीएएचचा आकडा. फॅक्टर मात्र केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटसाठी, असतो. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल तर केव्हीएएच उचलल्यानं तुमचा स्कोप २ पाच टक्क्यांनी फुगतो, तोही फुकट. केडब्ल्यूएच त्याच बिलावर असतो, जरा खाली बघायचे कष्ट घ्या. आणि बिलाची रक्कम भागिले दर असं करून युनिट काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

फॅक्टर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा घ्या, आणि कुठल्या वर्षाचा घेतला ते शेजारी लिहा. २०२२-२३ साठी युनिटमागे ०.७१६ किलो होता, २०२३-२४ साठी ०.७२७. म्हणजे वाढला. दरवर्षी कमीच होतो असं गृहीत धरून जुना आकडा पुढे ढकलणारे इथेच फसतात. ग्रिडमधली गळती स्कोप २ मध्ये मिळवू नका, ती स्कोप ३ च्या कॅटेगरी ३ मध्ये (इंधन-विजेशी संबंधित बाकीचं) जाते.

सोलार घेतो म्हणून स्कोप २ शून्य, असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार करारावर आधारित आकडा देत असाल तर ग्रिडच्या सरासरीवरचा आकडाही शेजारी द्यावा लागतो.

एसीचा गॅस

हा आकडा टेम्प्लेटमध्ये रिकामा असतो आणि रिकामा म्हणजे शून्य असं धरलं जातं. गॅस भरल्याची नोंद इंधनात नसते, ती मेंटेनन्सच्या एएमसी (वार्षिक देखभाल करार) बिलात "गॅस चार्जिंग" म्हणून दडलेली असते. अकाउंट्सला विचारलंत तर ते रुपये सांगतील. तुम्हाला किलो हवेत, आणि गॅस कोणता तेही. आर-४१०ए असेल तर एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे दोन हजार किलो. ११.३ किलोचे दोन सिलिंडर टॉपअपला गेले की पंचेचाळीस टन. तेवढ्यासाठी सोळा हजार लिटरहून जास्त डिझेल जाळावं लागेल. रबाळ्याच्या बसेसची सहा महिन्यांची दौड एका गळक्या पाइपातून निघून गेली, आणि वहीत शून्य!

मेकॅनिककडून मी सर्व्हिस चिठ्ठीवरच किलो लिहून घेते, तो जिन्यावरून उतरायच्या आत. नंतर त्याला आठवत नाही आणि मग तो अंदाजानं गोल आकडा सांगतो.

जुन्या यंत्रांत आर-२२ असेल तर प्रोटोकॉल जे सात हरितगृह वायू मोजायला सांगतो त्यांत तो नाही, तो ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारातला. त्याची नोंद करा, पण स्कोपच्या बाहेर, वेगळी.

ट्रक: एलआर बघा

एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टरची मालाची पावती. मालवाहतुकीला स्कोप ३ मध्ये दोन कॅटेगरी: ४ अपस्ट्रीम, ९ डाउनस्ट्रीम. जाणारा माल म्हणजे डाउनस्ट्रीम, म्हणजे कॅटेगरी ९, असं शब्दावरून ठरवलं जातं. इथे मात्र भाडं कोण भरतं यालाच महत्त्व आहे. (हो, वर मी नेमकं उलटं सांगितलं. ते स्कोप ठरवण्याबद्दल होतं, हे स्कोप ३ च्या आतल्या कॅटेगरीबद्दल. ट्रक ट्रान्सपोर्टरचाच आहे, त्यामुळे स्कोप बदलत नाही.) तळोज्याहून निघालेल्या गाडीच्या एलआरवर "पेड" असेल, म्हणजे भाडं तुम्ही दिलं, तर माल बाहेर जात असला तरी कॅटेगरी ४. "टू पे" असेल, कस्टमर भाडं देणार, तर ९. सप्लायरकडून येणारा माल दुसऱ्याच्या गाडीतून आला की ४, मग भाडं कुणीही देवो. न्हावा-शेवापर्यंतचे कंटेनरही याच नियमानं. डिस्पॅचच्या माणसाला हे एकदा सांगितलं की तो एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवतो आणि विषय मिटतो. डिस्पॅचचे लोक पटकन शिकतात असा माझा अनुभव आहे. कन्सल्टंट वेळ लावतात.

बाकीच्या, झटपट

ब्रिकेटचा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या, भुशाच्या विटांचा) बॉयलर म्हणजे शून्य नाही. त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवायचा, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच.

वेल्डिंगचा, अग्निशमनाचा कार्बन डायऑक्साइड विसरू नका. थोडा असतो, पण ऑडिटर नेमका तोच विचारतो.

कॅन्टीनचा एलपीजी: स्वयंपाकघर कोण चालवतं ते आधी ठरवा, आणि पुढच्या वर्षी कंत्राटदार बदलला की पुन्हा ठरवा.

हिशेबाची हद्द कशी आखली, ताब्यावरून की भागीदारीच्या टक्क्यावरून, ते पहिल्या शीटवर लिहा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नका.

आणि मार्चची बिलं येईपर्यंत थांबा. फेब्रुवारीचा आकडा मार्चमध्ये चिकटवून शुक्रवार गाठणारे मला माहीत आहेत. मीटर रीडिंगची तारीख बिलावर छापलेली असते.