नॉर्मन आडनावाचा माग कसा काढावा : माँटगोमेरी घराण्याच्या निमित्तानं

इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत माँटगोमेरी आडनावाची माणसं सगळीकडे भेटतात. घराण्याचा इतिहास विचारला, की अनेकांचं उत्तर तयार असतं : फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम द काँकरर यानं 1066 साली हेस्टिंग्जची लढाई मारून इंग्लंड जिंकलं, तेव्हा आमचा मूळ पुरुष त्याच्याबरोबर होता. पर्सी, लेसी, ब्रूस, नेव्हिल यांच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं. हा दावा तपासायचा कसा, ते पायरीपायरीनं पाहू. उदाहरण माँटगोमेरींचंच घेतो, कारण त्यांचे कागद भरपूर आहेत आणि नेमक्या मोक्याच्या जागी एक दुवा गायब आहे.

पायरी 1 : 1066 विसरा, आजोबांपासून सुरुवात करा

मागं मागं जायचं आणि कागद मिळाल्याशिवाय पिढी ओलांडायची नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी 1837 पासून, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून, तर आयर्लंडमध्ये पूर्ण स्वरूपात 1864 पासून आहे. त्याआधी भिस्त चर्चच्या वह्यांवर. इंग्लंडमध्ये त्या ठेवण्याचा हुकूम 1538 साली निघाला, पण प्रत्येक गावाची वही टिकली आहे असं नाही.

दुसऱ्या महायुद्धातले फील्ड मार्शल बर्नार्ड माँटगोमेरी घ्या. जन्म 1887, लंडन. वडील हेन्री टास्मानियाचे बिशप होते, आणि त्यांचा जन्म 1847 साली आपल्या कानपूरचा. आजोबा सर रॉबर्ट 1859 ते 1865 या काळात पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांचं घराणं आयर्लंड बेटाच्या उत्तर टोकाला, डोनेगलमधल्या मोव्हिलचं. म्हणजे दोन पिढ्या मागं गेलं, की आपण लंडनहून कानपूरमार्गे आयर्लंडला पोचतो. (पंजाबात या रॉबर्टच्या नावानं माँटगोमेरी शहर आणि जिल्हाही होता. आज तो पाकिस्तानातला साहिवाल. आपल्याकडचे दूधवाले जिचं कौतुक करतात ती साहिवाल गाय याच भागातली.)

पूर्वज ब्रिटिश हिंदुस्थानात नोकरीला असतील, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर पाहावं. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या नकला तिकडे पाठवल्या जात. पुण्या-मुंबईच्या छावण्यांतल्या गोऱ्या कुटुंबांचा पत्ता बहुधा तिथंच लागतो.

पायरी 2 : स्पेलिंगांची यादी करा

जुन्या कारकुनांनी नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली. स्कॉटलंडच्या सनदांत माँटगोमेरीचं ‘मुंडेगुंब्री’ झालेलं दिसतं. फ्रेंच गावाच्या नावात मधला ‘म’ दोनदा, स्कॉटिश घराण्याच्या नावाच्या शेवटी वेगळंच अक्षर. एकाच स्पेलिंगवर अडून बसलात, तर अर्धे कागद निसटतील.

उलटही घडतं. 1086 सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमनं करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीत, या घराण्याचा सर्वांत बडा माणूस बहुतेक ठिकाणी आडनावाशिवाय येतो, नुसता ‘अर्ल रॉजर’ (अर्ल हा सरदारकीचा किताब). तेव्हा आडनावं वंशपरंपरागत झालेलीच नव्हती. त्यामुळे शोधताना आडनावासोबत पहिलं नाव, हुद्दा आणि गाव हेही पाहत चला. डूम्सडेचा मजकूर आता इंटरनेटवर गावाच्या नावानं फुकट शोधता येतो.

पायरी 3 : मूळ गाव नकाशावर दाखवा

नॉर्मन आडनावांचे काही ठळक प्रकार आहेत. ‘फिट्झ’ लागलेली बापाच्या नावावरून आलेली, गिफर्डसारखी, गुबऱ्या गालांवरून पडलेली टोपणनावं, बटलरसारखी हुद्द्यांची, आणि ‘द’ लावून येणारी गावांची, आपल्या ‘कर’सारखी. इथं आपल्याला ठाऊक असलेला सावधपणाच कामाला येतो : सगळे सातारकर एकमेकांचे भाऊबंद नसतात.

नॉर्मंडीत कालवाडोस विभागात, लिव्हारो आणि विमूतिए यांच्या दरम्यान, सँ-जर्मँ-द-माँगोमेरी आणि सँत-फ्वा-द-माँगोमेरी ही खेडी आहेत. गोमेरिक नावाच्या कुणाची तरी टेकडी, असा नावाचा उगम सांगतात. 2016 मध्ये ही खेडी शेजाऱ्यांसह व्हाल-द-व्ही या नव्या कम्यूनमध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या एककात, विलीन झाली, त्यामुळे नकाशावर जुनं नावही टाकून पाहा. 17 जुलै 1944 रोजी जर्मन सेनापती रोमेल विमानहल्ल्यात जबर जखमी झाला, तो सँत-फ्वा-द-माँगोमेरीजवळच. समोरच्या दोस्त फौजांच्या भूदलाचा सेनापती कोण, तर बर्नार्ड माँटगोमेरी. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं, तर संपादकानं काट मारली असती.

इथं एक खड्डा आहे. याच अर्ल रॉजरनं वेल्सच्या सीमेवर किल्ला बांधला आणि त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. त्याच्याजवळ पुढं माँटगोमेरी शहर वसलं. म्हणजे मध्ययुगीन कागदात कुणी ‘माँटगोमेरीचा’ असेल, तर तो नॉर्मंडीचा की वेल्सचा, हे आधी ठरवायला हवं.

पायरी 4 : ‘आम्ही हेस्टिंग्जला होतो’ हा दावा तपासा

नॉर्मंडीतल्या फालेझच्या किल्ल्यात 1931 साली बसवलेल्या कांस्यफलकावर विल्यमच्या सोबत्यांची 315 नावं आहेत. समकालीन पुराव्यानं लढाईत असल्याचं ठरवता येतं, अशी नावं मात्र पंधरा-वीसच. उरलेली नंतरच्या याद्यांतून आली, आणि अशा याद्यांत घराण्यांनी आपापली नावं घुसवली.

रॉजर द माँटगोमेरीबद्दल दोन साक्षी आहेत. कवी वास त्याला रणांगणावर सैन्याची एक फळी सांभाळताना दाखवतो, पण तो लिहीत होता शंभरेक वर्षांनी. ऑर्डरिक व्हितालिस हा संन्यासी सांगतो, की विल्यमच्या पाठीमागं नॉर्मंडी सांभाळायला रॉजर तिकडेच राहिला आणि 1067 साली इंग्लंडला आला. ऑर्डरिकचा बाप खुद्द रॉजरच्या पदरी धर्मगुरू होता. मी ऑर्डरिकवर विश्वास ठेवीन. दोन साक्षी भांडत असतील तेव्हा हेच विचारायचं : कोण किती जवळ होता, आणि कोण कुणाला खूश करण्यासाठी लिहीत होता?

पायरी 5 : रक्ताच्या आधी जमीन शोधा

माझ्या मते सगळ्या शोधाचा कणा हीच पायरी. मध्ययुगात माणूस धन्यामागं जाई आणि धनी जमिनीमागं. रॉजरला ससेक्समध्ये अरुंडेल मिळालं आणि श्रॉपशरचा जवळजवळ अख्खा परगणा. तो 1094 साली वारला. थोरला मुलगा रॉबर्ट द बेलेम यानं राजाविरुद्ध बंड केलं आणि 1102 मध्ये त्याला व भावांना इंग्लंडमधून हाकललं गेलं. जमिनी गेल्या, आणि थोरली शाखा इंग्लंडमधून उठली.

मग स्कॉटलंडचे माँटगोमेरी आले कुठून? श्रॉपशरमध्ये जमिनी असलेल्या ब्रेटन, म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या, घराण्यातला वॉल्टर फिट्झ ॲलन स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी झाला. त्यानं 1163च्या सुमारास पेझलीचा मठ स्थापला आणि संन्यासी आणले श्रॉपशरच्या वेनलॉकहून. वॉल्टरच्या सनदांवर साक्षीदार म्हणून रॉबर्ट द माँटगोमेरी दिसतो. त्याला ग्लासगोजवळचं ईगलशॅम मिळालं, आणि एग्लिंटनचे अर्ल त्याच्याच वंशातले. तो वॉल्टरच्या मागोमाग श्रॉपशरकडून आला, हे जमिनीचा माग सांगतो. पण त्याचा बाप कोण, हे सांगणारी सनद नाही. त्याला अर्ल रॉजरचा नातू किंवा पणतू ठरवणाऱ्या वंशावळी नंतर रचलेल्या आहेत.

पायरी 6 : समुद्र ओलांडताना कागद बदलतात

1606 पासून स्कॉटलंडमधल्या ब्रेडस्टेनच्या ह्यू माँटगोमेरीनं आयर्लंडच्या काउंटी डाउनमध्ये स्कॉट कुळं नेऊन वसवली. अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातले बरेच माँटगोमेरी या आणि पुढच्या लाटांतले. इथं अडचण मोठी आहे : डब्लिनचं सरकारी दप्तर 1922च्या यादवीत जळालं आणि एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमाऱ्या, काही त्या आगीत आणि काही त्याआधीच, बहुतांशी गेल्या. हाताशी उरतात 1630च्या सुमाराच्या शस्त्रधारी पुरुषांच्या याद्या, 1660च्या दशकातल्या चूलपट्टीच्या नोंदी, एकोणिसाव्या शतकातली ग्रिफिथची जमीन-आकारणी, आणि 1901 व 1911च्या खानेसुमाऱ्या. बेलफास्टचं अभिलेखागार इथं डब्लिनइतकंच महत्त्वाचं.

डब्लिनजवळ जन्मलेला रिचर्ड माँटगोमेरी अमेरिकन क्रांतीत सेनापती झाला आणि 31 डिसेंबर 1775 रोजी क्वेबेकवरच्या हल्ल्यात पडला. अलाबामातलं शहर त्याच्याच नावाचं.

अमेरिकेत आडनावावरून रक्त ठरवणं तर धोक्याचंच. मिसिसिपीत 1887 साली माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचं गाव वसवणारा आयझाया माँटगोमेरी जन्मानं गुलाम होता. मुक्त झालेल्या माणसांची नावं सरसकट नोंदवणारी पहिली अमेरिकन खानेसुमारी 1870ची, तेव्हा अशा कुटुंबांचा शोध तिथून मागं न्यावा.

डीएनए, ढाल आणि वंशवृक्ष

पुरुषवंशाची वाय-डीएनए चाचणी दोन शाखांचा पूर्वज एक होता का, हे बऱ्यापैकी सांगते. अकराव्या शतकातल्या अमक्याचेच तुम्ही वंशज, हे सांगत नाही. त्यासाठी त्या अमक्याचा नमुना लागेल.

दुकानात मिळणारी, कुलचिन्ह रंगवलेली ‘घराण्याची ढाल’ भिंतीला शोभा म्हणून खुशाल लावा. कुलचिन्हांची चाल बाराव्या शतकात रुजली, म्हणजे अर्ल रॉजरकडे तसं काही नव्हतंच. शिवाय अशी चिन्हं विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतात, सरसकट आडनावाला नव्हे.

वंशवृक्ष काढताना प्रत्येक रेघेशेजारी तिचा कागद लिहा. कागद नसेल तिथं रेघ तुटक ठेवा, आणि ईगलशॅमचा रॉबर्ट व अर्ल रॉजर यांना तर वेगवेगळ्या पानांवरच राहू द्या.